कुसुमआत्याच्या पोथीची चिकटलेली पानं

१७ जानेवारी, शनिवार

आज कुरिअरने आलं ते : उन्हाचं मलम, दोन ट्यूबा, रु. १,७९०. खिडक्यांच्या काचांना लावायची फिल्म, एक गुंडाळी, रु. २,६५०. मुक्ताची टोपी, मानेवर पडदा असलेली, रु. ५४०. लहान छत्री, आतून काळी, रु. ३२०. ट्यूब दाबून पाहिली. निम्मी हवा. डॉ.बाईंनी नेमकं याच कंपनीचं मलम लिहून दिलंय. का?

बुधवारी संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाच्या बसने दिल्लीहून पानिपतला, काला अंबच्या स्मारकावर गेलो. हट्ट माझाच होता. गौरी (सून माझी, पण भावाची मुलगी) म्हणत होती, "आत्या, नको नेऊया तिला, उघडं मैदान आहे." मी म्हटलं, जानेवारीच्या उन्हात पापडसुद्धा वाळत नाही. अकरापर्यंत धुकं होतं. मग पाऊण तास कोवळं ऊन पडलं. सगळी पोरं तिळगूळ खात पळत होती, मुक्ताही. बसमध्ये बसेपर्यंत तिचे गाल लालभडक, संध्याकाळी नाकावर फोड. बाकी एकाही पोराला काही नाही.

नोव्हेंबरात तिच्या दंडाची तांदळाएवढी कातडी काढून नेली आहे. अजून रिपोर्ट नाही. अडीच महिने कातडीचं करतात काय?

१९ जानेवारी, सोमवार

स्वयंपाकघराच्या चौकटीशी मुक्ताला उभं केलं. दसऱ्याची पेन्सिलीची खूण आहे तिथेच आहे. कदाचित केसभर वर. तिने टाचा उचलल्या होत्या का, नक्की सांगता येत नाही.

समीरच्या फोनवर मी वाचलंय (फोन उघडाच होता). या आजारात एक जात अशी असते की मूल वाढायचं थांबतं, कान जातात, लहानपणीच म्हातारपण येतं. दुसऱ्या जातीत फक्त ऊन सोसत नाही, बाकी माणूस शंभर वर्षं जगेल. पोरीला चौथं सरायचं आहे. आपल्या वाट्याला कुठली आली आहे ते कोणी सांगत नाही.

दुपारी ती चित्र काढत बसली असताना मागून स्टीलची ताटली टाकली. वळली. पण माझी सावली दिसली असेल. संध्याकाळी दाराआडून पुन्हा टाकली. तेव्हाही वळली आणि म्हणाली, "आजी, फिर से गिराओ ना!"

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मॅट्रिकनंतर पोलिसात जायला हवं होतंस तू."

२२ जानेवारी, गुरुवार

फिल्म लावणारा येऊन गेला. घर पाण्याच्या टाकीत बसल्यासारखं दिसतं. तुळस बाल्कनीतच राहिली, बाहेर.

हॉस्पिटलातून फोन आला होता. सगळ्यांचं रक्त हवं आहे. समीरचं, गौरीचं, माझं, कराडहून माझ्या भावाचं, दादाचंही. पैसे नाहीत, फुकट. सरकारी हॉस्पिटल आहे, मान्य. पण तिथे साध्या कागदाला खिडकी क्रमांक चारवर अर्धा दिवस जातो, आणि रक्त मात्र आपणहून मागून घेतात? मी समीरला म्हटलं, माझं कशाला? माझी कातडी चांगली धडधाकट आहे. तो म्हणाला, "आई, अगं फक्त चार थेंब." नजर चुकवली.

दोघं खोलीत कुजबुजत होती. गौरीचा आवाज : "आत्याला नको सांगू आत्ताच. मोडून पडेल ती."

म्हणजे वाईटच आहे.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी

अंगणात गोवरीवर दूध उतू घालायचं, ते नवव्या मजल्यावर गॅसच्या छोट्या शेगडीवर, बाल्कनीत, पूर्वेकडे तोंड करून. सेक्टरातल्या पाच मराठी घरांतून बायका आल्या होत्या. वाण म्हणून प्रत्येकीला एक साबण. सूर्यनारायणाला अर्घ्य दिलं. मुक्ता काचेच्या आत उभी. मी बारा नमस्कार घातले, तिने आतून बारा मोजले, नऊनंतर एकदम बारा.

नंतर म्हणते, "आजी, सूरज को बोल ना, थोडी देर उधर देखे."

आयुष्यभर ज्याला हात जोडले त्याच्याकडे आज मी संशयाने पाहिलं. पाप लागो तर लागो.

चहा पिताना एक बाई विचारत होती, मुलीच्या चेहऱ्यावर हे ठिपके कसले? मी म्हटलं, कांजिण्या. गौरीने माझ्याकडे पाहिलं. मलाच कळलं नाही इतक्या सहज कसं आलं तोंडात. आमच्या घरात हेच उत्तर द्यायची पद्धत होती.

३० जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट मिळाला. मेट्रोने गेलो, मुक्ताला टोपी, छत्री, मोजे, सगळं.

डॉ.बाई वयाने गौरीएवढ्याच. मराठी येत नाही, पण हळू बोलतात. कातडीतल्या पेशी वाढवल्या, त्यांच्यावर उन्हासारखा दिवा धरला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, काम पुन्हा सुरू झालं का. झालं नाही.

कसलं काम, मी विचारलं. समीर म्हणाला, आई, राहू दे. त्या म्हणाल्या, नहीं, पूछने दीजिए. मग त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक पेशीत एक मोठं रजिस्टर असतं. त्यावरून एक कारकून नक्कल उतरवत असतो, त्या नकलेवर पेशीचं घर चालतं. उन्हाने पानावर डाग पडतो. नक्कल करणारा त्या डागाशी अडतो. अडला, की हाक मारतो. हाकेला चार जण धावत येतात. त्याला बाजूला सरकवतात, पान दुरुस्त करतात, काम पुढे सुरू. मुक्ताच्या पेशीत हे होत नाही.

मला कारकून नाही दिसला. मला पारायणाला बसलेला माणूस दिसला. पान खराब निघालं, आणि आसन सोडायचं नाही.

आजाराच्या दोन जाती आहेत. एका जातीत दुरुस्ती होत नाही, पण अडलेल्याला निदान उचलून बाजूला करतात. "उठवा" अशी खूण त्याच्यावर लावली जाते. जागा रिकामी होते, मग दुसरे कोणीतरी सावकाश येऊन पान नीट करतात. ही सौम्य जात. दुसऱ्या जातीत ती खूणच लागत नाही. तो बसूनच राहतो. त्याच्याखालचं पान कोणाला दिसत नाही, कोणाला शिवता येत नाही, आणि पेशी झिजत जाते. दिव्याच्या तपासणीत दोन्ही जाती सारख्याच दिसतात. म्हणून आता जीन वाचले. तिथे एक नाही, दोन चुका सापडल्या. एक सौम्य जातीच्या जीनमध्ये, एक कडक जातीच्या. दोन्ही आधी कोणाच्यात नोंदलेल्या नाहीत. एक खरी गुन्हेगार असेल, दुसरी नुसतीच उभी असेल.

"दो संदिग्ध हैं, माताजी. गवाह नहीं है."

मग विचारलं, घराण्यात कोणी होतं का, ऊन न सोसणारं? मावशी, काका, आजोबांची भावंडं, कोणीही? नोव्हेंबरातही विचारलं होतं.

मी म्हटलं, नाही.

तेव्हाही नाही म्हटलं होतं.

३१ जानेवारी, शनिवार

जेवण झाल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, माझ्यापासून काय लपवताय? पोर किती दिवसांची आहे ते सांगा एकदाचं. हे म्हणाले, अगं, काय बोलतेस! गौरी रडायला लागली. समीर म्हणाला, "आई, तसं काहीच नाही. आम्ही वेगळंच लपवत होतो."

मग सांगितलं. आजार व्हायला चूक दोन्हीकडून यावी लागते, आईकडून एक, बापाकडून एक. समीरकडे ती माझ्याकडून आली. गौरीकडे दादाकडून आली. दादा नि मी एकाच आईबापाची. मामाची मुलगी करायची आमच्यात रीत, माझ्या आजोबांनीही मामाचीच मुलगी केली होती. आणि समीर-गौरीचं लग्न जमवलं कोणी? मी. दिल्लीत परकी मुलगी कशाला, आपल्या माहेरची असेल तर घर राखेल, असं म्हणून.

दोघं मला जपत होती. आणि मी ताटल्या पाडत होते.

मी म्हटलं, म्हणजे माझ्या माहेरचंच हे.

गौरी म्हणाली, "माझंही तेच माहेर आहे, आत्या."

२ फेब्रुवारी, सोमवार

आता लिहितेच. इथे तरी लिहायला हवं.

कुसुमआत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तोंडावर, हातांवर, मुक्तासारखेच ठिपके. दिवसा बाहेर यायची नाही. दिवेलागणीनंतर विहिरीवर जायची, डोक्यावरून पदर. लोक वाईट रोगाचं नाव घ्यायचे. घरी कोणी आलं की आई सांगायची, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या तिला." लग्न झालं नाही. मला मॅट्रिकचं गणित तिने शिकवलं. हिशेब लिहायला तिनेच शिकवलं, जमा उजवीकडे नाही, डावीकडे.

माझं लग्न होऊन मी दिल्लीला, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले. चार वर्षांनी माहेरी गेले तर ती घरात नव्हती. दादाने नदीपलीकडच्या मठात नेऊन ठेवली होती. का, ते कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. दहा वर्षं तिथे होती, तिथेच गेली. त्रेपन्नाव्या वर्षी. दादाखेरीज तिथे कोणी जात नसे. गौरीला तर अशी कोणी होती हेही माहीत नाही.

डॉ.बाईंना साक्षीदार हवा आहे. साक्षीदार माझ्याकडे आहे आणि मी दोनदा नाही म्हटलं. कारण गौरीच्या धाकट्या बहिणीचं, मंजिरीचं जमवायचं चाललं आहे. घराण्यात असं काही होतं म्हटलं तर कोण पुढे येईल?

दुपारी दादाला फोन केला. वहिनींनी उचलला, स्पीकरवर टाकला. मी नुसतं म्हटलं, "दादा, कुसुमआत्याला मठात..." तो म्हणाला, "ते मेलेलं कशाला उकरतेस? मंजिरीला रविवारी पाहायला येतायत. ठेव." रक्ताचं विचारलं तर म्हणाला, "माझं रक्त माझ्यापाशी राहू दे."

काय लपवतोय तो?

७ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून सात दिवसांचं पारायण धरलं. माझी नेहमीची पोथी बाजूला ठेवली, कुसुमआत्याची काढली. गौरीच्या लग्नात दादाने दिली होती, "ही तुझ्याकडे असू दे" एवढंच म्हणून. लाल फडक्यातून आज पहिल्यांदा सोडली.

नियम तिनेच शिकवलेले. बसलं की त्या दिवसाचे अध्याय पुरे होईपर्यंत आसन सोडायचं नाही. पाणी नाही, बोलणं नाही, दार वाजलं तरी नाही. ओळ गाळायची नाही.

मुक्ता समोर पाटावर बसली. मधेच म्हणाली, "आजी, ब्रेक कब होगा?"

११ फेब्रुवारी, बुधवार

पारायण मोडलं. कसं ते लिहून ठेवते.

पाचव्या दिवसाचा दुसरा अध्याय. पान उलटायला गेले तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली. कधीकाळी निरांजनातलं तूप सांडलेलं असावं. ओढली तर फाटणार. पुढच्या पानावर गेले तर ओळी गळणार. उठले तर पारायण मोडणार. बोट त्या पानावर ठेवून बसून राहिले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पाय बधीर झाले.

मुक्ता म्हणाली, "आजी, अटक गई क्या?"

मान हलवली. बोलायचं नव्हतं.

"तो उठ ना. बैठी रहेगी तो मैं ठीक कैसे करूँ?" आणि आपला डिंकाचा डबा घेऊन आली, चिकटपट्टी, रंगीत कात्री, सगळं. माझा हात पानावरून उचलायला लागली.

उठले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मधे आसन सोडलं. डाळीच्या पातेल्यावर वाफ होती, त्यावर पानं धरली. हळूहळू सुटली.

आत अध्याय संपतो तिथे अर्धं पान कोरं. त्यावर तिचं अक्षर. एकाखाली एक तेवीस ओळी. तिने केलेली पारायणं, तिथी आणि शके घालून. पहिलं शके १८८५. शेवटचं १९०७. पहिली ओळ आणि तेविसावी शेजारी ठेवून पाहिली. भिंग लावून पाहिलं. हात हललेला नाही. रेघ सरळ. बेचाळिसाव्या वर्षीही तिचे डोळे, हात, डोकं धड होतं.

मग मोजलं. तिच्या मृत्यूपर्यंतची त्यापुढची वर्षं कोरी. मठातली सगळी.

हे म्हणाले, पुन्हा बसतेस का? मी म्हटलं, नाही. समीरला म्हणा, उद्याची सुट्टी काढ.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डॉ.बाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. दोनदा खोटं बोललेली बाई मी. त्यांनी आमच्या घराण्याचा कागद काढला, त्यावर नुसते चौकोन नि गोल. माझ्या वडिलांच्या चौकोनाशेजारी एक गोल काढला, काळा भरला, वरून तिरकी रेघ मारली. गेलेल्या माणसाची खूण. कुसुमआत्याला घराण्यात पहिल्यांदाच जागा मिळाली, तीही परक्या बाईच्या हातून, दिल्लीत.

गौरी कागदाकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मला कोणीच का सांगितलं नाही?" मी म्हटलं, मीही त्या कोणीतलीच आहे.

पोथीच्या पानाचा फोटो डॉ.बाईंनी काढून घेतला. म्हणाल्या, हे चांगलं आहे. कडक जातीतलं मूल सहसा इथवर पोचत नाही. "मगर," म्हणाल्या. या मगरची मला भीतीच वाटते. कडक जातीचा एक उशिरा सुरू होणारा प्रकार असतो. चाळिशीपर्यंत माणूस ठीक, मग कान जातात, तोल जातो, विसरायला होतं. म्हणून शेवटची वर्षं कळायला हवीत. ती कशी होती? ऐकू येत होतं का? चालत होती का? कोणाला ओळखत होती? आणि भावाचं रक्त.

तिच्या त्या वर्षांचा साक्षीदार एकच आहे, आणि तो फोन ठेवतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चौकटीशी पुन्हा उभं केलं. टाचा मी स्वतः धरल्या. दसऱ्यापेक्षा अर्धं बोट वर. गौरीला म्हटलं, तूही एकदा मोज. तिच्या मोजणीत पाव बोट. दोघींनी आपापली खूण केली, कोणीच पुसली नाही.

दादाला पत्र लिहिलं. फोनवर स्पीकर असतो, पत्र एकटा वाचता येतं. स्पीड पोस्टने टाकलं. नक्कल इथे उतरवून ठेवते :

ती. दादास सा. न.

मंजिरीचं जमावं म्हणून मी रोज दिवा लावते, तेव्हा मी वैरीण नाही हे आधी समजून घे. तिच्यासाठीच सांगते, आपल्या नात्यातला मुलगा पाहू नकोस. बाहेरचा पाहिलास तर तिच्या मुलांना भीती जवळजवळ नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

पुढचं मुक्तासाठी. पोरीचं उन्हाचं दुखणं आपल्या घराण्यातून आलं आहे, कुसुमआत्याचं आणि तिचं एकच. आत्या शेवटपर्यंत धड होती असं कळलं, तर पोरीच्या वाट्याला सौम्य दुखणं आलं आहे असं धरता येईल. नसेल, तर तयारीला लागावं लागेल. मधलं काही नाही.

तू तिला मठात नेलंस, त्याच्या आदल्या वर्षी तुझं लग्न झालं होतं. मला दोनच कारणं सुचतात. एक, ती आजारी पडली, विसरायला लागली, पडायला लागली, घरात सांभाळणं होईना. दुसरं, नव्या नवरीला घरात अशी बाई नको होती, आणि तू तिला धडधाकट असताना बाहेर काढलीस.

दादा, दुसरं असेल तर मी रागावणार नाही. वहिनींना एक शब्द बोलणार नाही. देवासमोर बसून मी दोन दिवस हेच मागते आहे की तू तसं केलं असावंस. तुझ्या हातून तेवढा अन्याय झालेला असू दे.

एवढंच लिही. तिला ऐकू येत होतं का. आपल्या पायांनी चालत होती का. तू गेलास की तुला नावाने हाक मारायची का. आणि पोथी तिच्याबरोबर मठात गेली होती, की तुझ्या घरी कपाटात राहिली? पोथी तिच्याजवळ असून ती वाचत नव्हती, तर ते वेगळं. पोथीच तिला दिली नव्हती, तर ते वेगळं. रक्ताचं नंतर बघू.

आत माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. चार ओळी नकोत, दोन पुरे. पण हे पत्र वाचून झाल्यावर उठायच्या आधी लिही, आणि त्याच दिवशीच्या टपालात टाक.

तुझी धाकटी